तोतया सर्व्हर आणि भाबडा कर्नल

नेटवर्क फाइल सिस्टम म्हणजे दुसऱ्या संगणकातली डिस्क आपल्याच संगणकात आहे, असे सर्वांनी मिळून मानायची व्यवस्था. वापरणारा तसे मानतो, कारण त्याला फोल्डर दिसतो. फोल्डर उघडणारा प्रोग्राम मानतो, कारण मागितलेले बाइट त्याला मिळतात. कर्नल मात्र मानत नाही. त्याला खरे ठाऊक असते, पण तो कोणाला सांगत नाही. हे गुपित टिकते तोवर व्यवस्था उत्तम चालली आहे असे म्हणतात. ते फुटले की ‘सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहेत’ अशा अर्थाची ओळ पडद्यावर उमटते, आणि त्यानंतर बराच वेळ दुसरे काहीच उमटत नाही.

या व्यवस्थेचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे एनएफएस. सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीने तो १९८४ मध्ये तयार केला. १९८९ मध्ये त्याच्या दुसऱ्या आवृत्तीचे नियम आरएफसी १०९४ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. सर्व्हरने करायची १८ कामे त्यात दिली आहेत. पहिले, म्हणजे शून्य क्रमांकाचे काम, काहीही न करणे हे आहे: क्लायंट, म्हणजे फाइली मागणारा संगणक, ते मागतो, सर्व्हर काहीही करत नाही आणि तशी पोच देतो. सर्व्हर जिवंत आहे का हे पाहण्यासाठी हे काम वापरतात, आणि जे सर्व्हर दुसरे काही धड करत नाहीत तेही हे बिनचूक करतात. तिसऱ्या क्रमांकाचे काम कालबाह्य अशी नोंद आहे. सातव्या क्रमांकाचे काम पुढच्या आवृत्तीसाठी राखून ठेवले होते. १९९५ मध्ये पुढची आवृत्ती आली आणि त्यात ते काम नव्हते. उरलेल्या १५ कामांवर जगभरच्या विद्यापीठांनी आणि कार्यालयांनी आपापल्या फाइली सोपवल्या.

सनच्या रचनेत सर्व्हरला स्मरणशक्ती दिलेली नव्हती. कोणी कोणती फाइल उघडली, कुठवर वाचली, याची नोंद तो ठेवत नसे. प्रत्येक विनंतीत क्लायंटने सगळे पहिल्यापासून सांगायचे: ही फाइल, या बाइटपासून, इतके बाइट. फाइलीची ओळख म्हणून सर्व्हर ३२ बाइटांचा एक बिल्ला देई, त्याला फाइल हँडल म्हणतात. तिसऱ्या आवृत्तीत तो ६४ बाइटांपर्यंत वाढला. बिल्ल्यावर काय लिहिले आहे ते क्लायंटने वाचायचे नाही, मागितला की दाखवायचा. याचा मोठा फायदा असा, की सर्व्हर मध्येच कोसळला आणि पुन्हा उठला तरी काही बिघडत नाही; त्याला आधीही काही आठवत नव्हते.

आता हा सर्व्हर राहतो कुठे ते पाहावे लागते. संगणकाचा कारभार दोन भागांत वाटलेला असतो. डिस्क, मेमरी आणि नेटवर्क यांना हात लावायचा अधिकार कर्नलचा. बाकीचे सगळे प्रोग्राम युजरस्पेसमध्ये राहतात आणि जे हवे ते कर्नलकडे अर्ज करून मिळवतात. फाइल सर्व्हर कर्नलमध्ये बसवला तर तो वेगाने चालतो, आणि त्यात चूक निघाली तर अख्खा संगणक तितक्याच वेगाने बंद पडतो. युजरस्पेसमध्ये ठेवला तर तो चारचौघांसारखा साधा प्रोग्राम राहतो. चुकला तर एकटा मरतो, पुन्हा सुरू करता येतो, कोणत्याही भाषेत लिहिता येतो, आणि हळू का चालतो असे कोणी विचारलेच तर कर्नल व युजरस्पेस यांच्यातल्या फेऱ्यांकडे बोट दाखवता येते. लिनक्सचा सुरुवातीचा एनएफएस सर्व्हर युजरस्पेसमध्ये होता. वेग कमी पडतो म्हणून १९९९ च्या २.२ आवृत्तीपासून सर्व्हर कर्नलमध्ये आला. पुढे लवचीकता कमी पडते म्हणून मोठमोठे सर्व्हर पुन्हा युजरस्पेसमध्ये लिहिले जाऊ लागले. या क्षेत्रात प्रगती दोन्ही दिशांना होते, आणि दोन्ही वेळा तिला प्रगतीच म्हणतात.

युजरस्पेस सर्व्हरची खरी गंमत वेगळीच आहे. विनंती पाठवणारा कर्नलमधला क्लायंट, उत्तर कोण देतो आहे हे तपासत नाही. प्रोटोकॉल नीट बोलता आला की तो सर्व्हर. मग तो दूरच्या खोलीतला मोठा संगणक असो, की त्याच संगणकावर पाच मिनिटांपूर्वी कोणी सुरू केलेला प्रोग्राम. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा एक माणूस उभा राहिला तेव्हा पुणे दरबाराने चौकशा केल्या, साक्षी घेतल्या आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड दिला. कर्नलच्या दरबारात अशी चौकशी नाही. तोतयाने पत्ता १२७.०.०.१ असा, म्हणजे ‘मी याच घरात आहे’ असा सांगितला तरी कर्नल विनंतीचे पाकीट बांधतो, नेटवर्कच्या सगळ्या थरांतून उतरवतो, घरातल्या घरात फिरवून परत आणतो आणि दूरदेशीचा सर्व्हर म्हणून त्याचा मान राखतो.

हा भाबडेपणा फार लवकर लोकांच्या लक्षात आला. १९८९ च्या सुमारास लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात यान-सायमन पेंड्री यांनी एएमडी हा ऑटोमाउंटर लिहिला. एखाद्या डिरेक्टरीवर तो स्वतःच एनएफएस सर्व्हर म्हणून बसे. आत कोणी पाऊल टाकले की कर्नल त्याला विचारी, अमुक फोल्डर आहे का? एएमडी घाईघाईने खरा सर्व्हर दुसरीकडे माउंट करी, म्हणजे तिथल्या डिरेक्टरीला जोडी, आणि कर्नलला तिकडचा सिंबॉलिक लिंक दाखवी. एकही फाइल पदरी नसलेला हा सर्व्हर वर्षानुवर्षे यशस्वी ठरला. माउंटच्या यादीत सर्व्हरच्या नावाच्या जागी त्याचा प्रोसेस क्रमांक छापलेला असे, म्हणजे तोतया स्वतःचे खरे नाव गळ्यात अडकवून हिंडत होता. तरी कर्नलने हरकत घेतली नाही.

१९९३ मध्ये बेल लॅब्जच्या मॅट ब्लेझ यांनी हीच युक्ती गुप्ततेसाठी वापरली. त्यांच्या सीएफएसमध्ये डिस्कवर कूटबद्ध फाइली असत, आणि त्याच संगणकावरचा एक साधा प्रोग्राम एनएफएस सर्व्हर बनून कर्नलला त्यांची उलगडलेली रूपे पुरवी. कूटलेखनासाठी कर्नलची एक ओळही बदलावी लागली नाही. पुढे मॅझिएर या संशोधकाने २००१ मध्ये अशा सर्व्हरांसाठी एक साधनसंचच प्रसिद्ध केला. तोतयेगिरी आता अवजारांसह उपलब्ध झाली.

शेवटी कर्नललाच दया आली. हंगेरीच्या मिक्लोश सेरेदी यांनी लिहिलेले फ्यूज २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ आवृत्तीत दाखल झाले. यात एनएफएसचे सोंग आणायची गरज उरली नाही: युजरस्पेसमधल्या प्रोग्रामसाठी कर्नलने एक अधिकृत दारच ठेवले. फाइलीसंबंधी विनंती आली की कर्नल ती या दारातून बाहेर सरकवतो आणि उत्तराची वाट पाहतो. सेरेदी यांच्याच एसएसएचएफएसमुळे, जिथे एसएसएचने लॉगिन करता येते त्या कोणत्याही संगणकावरचा फोल्डर आपल्याकडे लावता येऊ लागला; त्या संगणकाच्या व्यवस्थापकाला वेगळे काही करावे लागत नाही, आणि पुष्कळदा ते कळतही नाही. दार अधिकृत होण्याआधीपासूनच फ्यूजमधून कोण कोण आत येईल याला धरबंध नव्हता. २००४ मध्ये जीमेल १ जीबी जागा फुकट देऊ लागले होते. त्याच वर्षी जीमेलएफएस निघाले. त्यात फाइलीचे तुकडे ईमेलच्या अटॅचमेंटमध्ये आणि फाइलीची माहिती ईमेलच्या विषयाच्या ओळीत ठेवत. कॉपी करणे म्हणजे स्वतःला पत्र लिहिणे, आणि वाचणे म्हणजे आपलेच पत्र शोधणे, असा हा कारभार होता.

इतर दरबारांतही हीच रीत दिसते. बेल लॅब्जमध्ये प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टमसाठी ९पी हा प्रोटोकॉल घडला. तिच्यात जवळजवळ प्रत्येक गोष्ट हा कुणीतरी पुरवलेला फाइलींचा संच असे. ती सिस्टम फारशी कोणी वापरली नाही, पण २०१९ पासून विंडोज १० च्या फाइल एक्सप्लोररमधून लिनक्सच्या फाइली पाहता येऊ लागल्या, त्या मधल्या ९पी सर्व्हरच्या कृपेने. मॅकवर फ्यूज चालवायचे तर बराच काळ कर्नलमध्ये एक्स्टेंशन घालावे लागे. नव्या ॲपल चिपच्या मॅकवर त्यासाठी संगणक रिकव्हरीत नेऊन सुरक्षा एक पायरी उतरवावी लागे. हा खटाटोप टाळण्यासाठी निघालेल्या फ्यूज-टीने काय केले? ते त्याच संगणकावर एनएफएस सर्व्हर चालवते आणि मॅकला तोच माउंट करायला लावते. तीस वर्षांच्या संशोधनानंतर वर्तुळ पूर्ण झाले: सोंग टाळण्यासाठी फ्यूज आले, आणि फ्यूजची अडचण टाळण्यासाठी सोंग परत आले.

थोरांच्या यादीत एनएफएस-गणेशाचा मान मोठा. फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगात फिलिप दनिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेल्या या युजरस्पेस सर्व्हरवरचा निबंध २००७ मध्ये ओटावा लिनक्स परिषदेत आला. युजरस्पेसमध्ये राहिल्यामुळे त्याला भलीमोठी कॅशे बाळगता येते, आणि मागे कोणतीही फाइल सिस्टम जोडता येते: लस्टर, सेफ, जीपीएफएस, किंवा भारतीयांच्या हातून उभे राहिलेले आणि बराचसा विकास बंगळुरूत झालेले ग्लस्टर. दुसऱ्या एनएफएस सर्व्हरला मागे ठेवून स्वतः पुढे उभे राहायचीही सोय त्यात आहे; म्हणजे तोतयाच्या मागे खरा, आणि तोही कदाचित तोतयाच. मराठी माणसाला या सर्व्हरविषयी मुळातच आदर वाटतो, आणि सेवा सुरू करताना लॉगमध्ये पहिले नाव गणेशाचे आले की तो निम्मा निर्धास्त होतो. उरलेला निम्मा कॉन्फिगरेशनची फाइल वाचतो.

माउंट करण्याची रीत वर्णन करायला सोपी आहे. आधी सर्व्हर सुरू करायचा. एनएफएसचे नेहमीचे पोर्ट २०४९. ते कर्नलच्या सर्व्हरने अडवलेले असेल तर तोतयाला दुसरे द्यायचे, आणि माउंट करताना तो क्रमांक दोनदा सांगायचा, एकदा फाइलींच्या सेवेसाठी आणि एकदा माउंटच्या सेवेसाठी, कारण तिसऱ्या आवृत्तीपर्यंत या दोन सेवा वेगळ्या आहेत. मग रिकामी डिरेक्टरी निवडून माउंटची आज्ञा द्यायची. येथे एक उलटा न्याय आढळतो. सर्व्हर कोणीही ऐरागैरा चालवू शकतो, पण लिनक्सवर त्याला माउंट करायला मात्र रूटचा, म्हणजे संगणकाच्या सर्वाधिकारी वापरकर्त्याचा, अधिकार लागतो. सोंग घ्यायला परवाना नाही. सोंगाला नमस्कार करायला आहे.

कोणाला काय द्यायचे ते एक्स्पोर्ट्स नावाच्या फाइलीत लिहितात. संगणकाचे नाव आणि त्याला चिकटून कंसात हक्क, असा मजकूर असला तर त्या संगणकाला लिहिण्याचा हक्क मिळतो. नाव आणि कंस यांच्यात चुकून एक जागा सुटली, तर त्या संगणकाला फक्त वाचण्याचा हक्क मिळतो, आणि लिहिण्याचा हक्क उरलेल्या सगळ्या जगाला. मराठी टंकलेखनात अशी जागा सुटली तर मुद्रितशोधक लाल खूण करतो. इथे कोणीच करत नाही.

ओळख पटवण्याची जुनी पद्धतही तितकीच उदार आहे. क्लायंट सांगतो, ‘ही विनंती १००० क्रमांकाच्या वापरकर्त्याची’, आणि सर्व्हर ते खरे मानतो. उबुंटू किंवा डेबियन नव्याने बसवले की पहिल्या माणसाला १००० हाच क्रमांक मिळतो. त्यामुळे एका कार्यालयातले, आपापला लॅपटॉप स्वतः सजवलेले सगळेजण सर्व्हरच्या दृष्टीने एकच माणूस असतात. विनंती १०२४ खालच्या पोर्टवरून आली तर ती अधिक विश्वासू समजायची, असाही एक जुना संकेत आहे. अशी पोर्टे फक्त रूटला उघडता येतात, आणि रूट हा भला माणूस असतो, असे त्यामागचे गृहीतक. हे गृहीतक ठरले तेव्हा संगणक संस्थेचा असे आणि रूट पगारी असे. आता प्रत्येकजण आपल्या लॅपटॉपचा रूट आहे. म्हणून सर्व्हर परक्या रूटला आत येताना ‘नोबडी’ या वापरकर्त्यात बदलतो. त्याचा क्रमांक ६५५३४. घरचा सर्वाधिकारी सर्व्हरच्या दारात एकदम ‘कोणीच नाही’ होतो.

माउंट झाल्यावर अंतराचा प्रश्न येतो. पुण्यात बसून अमेरिकेतल्या सर्व्हरचा फोल्डर लावला, तर प्रकाशालाही काचेच्या तंतूतून जाऊन यायला वेळ लागतो. एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची धरावी. फोल्डरमध्ये हजार फाइली आहेत आणि प्रत्येकीची माहिती वेगळी मागवली, तर यादी दिसायला २०० सेकंद, म्हणजे तीन मिनिटांहून अधिक. तिसऱ्या आवृत्तीने नावांबरोबर माहितीही एकगठ्ठा देण्याची सोय केली. पण डाव्या बाजूला प्रत्येक फाइलीचे चिमुकले चित्र दाखवणारा फाइल मॅनेजर त्या सोयीला जुमानत नाही. तो चित्रासाठी प्रत्येक फाइल उघडून पाहतो. वाट पाहणाऱ्याला नेमके चित्रच नको असते.

फाइल पुसण्याचाही एक विधी आहे. एखादी फाइल प्रोग्रामने उघडून ठेवली असताना कोणी ती पुसली, तर स्मरणशक्ती नसलेला सर्व्हर ती खरोखर पुसून टाकेल, आणि वाचणारा उघडा पडेल. म्हणून क्लायंट ती पुसतच नाही. टिंब एनएफएस या अक्षरांनी सुरू होणारे एक लांबलचक नाव देऊन लपवतो. लिनक्सच्या कोडात या क्रियेला अधिकृतपणे ‘सिली रिनेम’ म्हणतात. परिणाम असा, की फोल्डर रिकामा दिसतो, पण पुसायला गेले की रिकामा नाही असे सांगतो. लपवलेली फाइल पुसायला गेले, तर ती कामात आहे असे सांगतो.

आता बिघाडांकडे वळावे लागते, कारण या विषयाचा बराचसा भाग तोच आहे. सर्व्हर गप्प झाला तर काय करायचे, याचे दोन पर्याय माउंट करतानाच निवडायचे असतात. हार्ड निवडला तर क्लायंट उत्तर येईपर्यंत वाट पाहतो, आणि उत्तर कधीच आले नाही तर कधीही नाही इतका वेळ पाहतो. सॉफ्ट निवडला तर ठरावीक वेळाने तो प्रोग्रामला चूक कळवतो. ज्या प्रोग्रामने लिहिल्यावर ‘लिहिले गेले का’ असे कधी विचारलेलेच नाही, तो अर्धी फाइल मागे ठेवून समाधानाने बंद होतो. वाट पाहण्याचा काळ सेकंदांच्या दशांशांत मोजतात. ६०० असे लिहिणाऱ्याच्या मनात दहा मिनिटे असतात. मिळते एक मिनिट.

वाट पाहणारी प्रोसेस ‘डी’ अवस्थेत जाते. पूर्वी तिला किल ९ ने सुद्धा मारता येत नसे. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून निदान मारता येते, वाचवता अजून येत नाही. लिनक्स अशा प्रोसेसना लोड ॲव्हरेजमध्ये मोजतो, त्यामुळे काहीही न करणारा संगणक अतोनात कामात असल्याचे आकडे दाखवतो. डिस्कवर किती जागा उरली हे विचारणारी डीएफची आज्ञा प्रत्येक माउंटची चौकशी करते, म्हणून तीही अडकते. कारण शोधायला दुसरी खिडकी उघडून पुन्हा डीएफ लिहिणारा वापरकर्ता दोन खिडक्या अडकवतो.

बिल्ल्यांचाही घोटाळा होतो. कर्नलमधला सर्व्हर बिल्ल्यावरून थेट फाइल गाठतो. साध्या प्रोग्रामला ती सोय फार काळ नव्हती, त्यामुळे लिनक्सच्या जुन्या युजरस्पेस सर्व्हरने बिल्ल्यात वाटेतल्या प्रत्येक डिरेक्टरीसाठी एक बाइट कोंबला, आणि रीस्टार्टनंतर त्या खुणांवरून वाट पुन्हा शोधायची पद्धत बसवली. वाट सापडली नाही, तर ‘स्टेल फाइल हँडल’ असा निरोप येतो. अर्थ इतकाच, की बिल्ला खरा आहे, पण तो कशाचा होता हे आता कोणाला सांगता येत नाही. फ्यूजचा प्रोग्राम मेला तर ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट जोडलेला नाही’ असे कळते. वाक्य तांत्रिकदृष्ट्या अचूक असून, ते वाचून काय करावे हे आजवर कोणालाही प्रथमदर्शनी उमगलेले नाही.

तोतया आणि कर्नल एकाच संगणकात असण्याचा खास धोका मेमरी संपत आली की दिसतो. मेमरी मोकळी करायला कर्नल साठलेला मजकूर सर्व्हरकडे लिहायला पाठवतो. सर्व्हर तो लिहायला कर्नलकडे थोडी मेमरी मागतो. कर्नल म्हणतो, आधी माझा मजकूर लिहून घे. दोघेही नियमाप्रमाणे वागत असतात, म्हणून कोणीच हलत नाही. याहून सोपा प्रकार म्हणजे सर्व्हरने स्वतःच्याच माउंट केलेल्या डिरेक्टरीत डोकावणे. ते पाहायला कर्नल सर्व्हरला विचारतो, सर्व्हर कर्नलच्या उत्तराची वाट पाहत असतो, आणि प्रश्न व उत्तर एकाच माणसाकडे असूनही मिळत नाही.

शेवटची पायरी माउंट काढण्याची. पहिल्या प्रयत्नाला बहुधा ‘व्यग्र आहे’ असे उत्तर मिळते. कोण व्यग्र आहे याचा शोध घेतला, तर बव्हंशी शोध घेणाऱ्याचीच शेल त्या डिरेक्टरीत उभी असल्याचे आढळते. सक्तीने काढण्याचा पर्याय आहे. आळशीपणे काढण्याचाही आहे: त्यात नाव लगेच पुसले जाते, आणि खरी आवराआवर आतला शेवटचा माणूस निघेल तेव्हा होते, निघाला तर.

माउंट निघाल्यावर खालची मूळ डिरेक्टरी उघडी पडते. ती रिकामी असायला हवी, पण प्रत्येक वेळी नसते. माउंट कधी तरी नीट लागलेले नसते, तरी रात्रीची बॅकअप स्क्रिप्ट ठरल्या वेळी येते, दिलेल्या वाटेवर डिरेक्टरी सापडते, आणि ती सगळा मजकूर प्रामाणिकपणे तिथे ओतते, म्हणजे ज्या डिस्कचा बॅकअप घ्यायचा त्याच डिस्कवर. दुसऱ्या दिवशी माउंट नीट लागले की हा ढीग त्याखाली झाकला जातो, डिस्क भरलेली राहते, आणि कशाने भरली ते कोणाला दिसत नाही. म्हणून जाणते लोक माउंट लागले आहे की नाही हे आधी तपासून मगच त्यात लिहितात, आणि ही तपासणी ज्या दिवशी प्रथम स्क्रिप्टमध्ये घालतात तो दिवस साधारणपणे त्या ढिगाचा शोध लागल्याच्या दुसऱ्या दिवशीचा असतो.